आपला परिचय आपण कसा द्यावा?

शालान्त परीक्षेचा निकाल लागला की आपल्या नंदगडातून दरवर्षी काही मुलेमुली खानापूर-बेळगावच्या वाटेला लागतात. दप्तर जाऊन हातात दोन वह्या येतात, गणवेष जाऊन आवडीचे कपडे येतात, आणि सकाळच्या पहिल्या बसला उभ्या असलेल्या या मंडळींच्या चेहऱ्यावर एक नवीच ऐट दिसू लागते. ती ऐट पाहून आम्हा शिक्षकांना मनापासून आनंद होतो. परंतु महाविद्यालयात पाऊल टाकताच त्यांच्यापुढे एक कागद येतो. कधी तो वसतिगृहाचा अर्ज असतो, कधी शिष्यवृत्तीचा, तर कधी वर्गातला साधा निबंध. त्यावरील प्रश्न मात्र एकच असतो : तुम्ही कोण, कोठले, तुम्हांस कशाचे मोल वाटते आणि पुढे काय करू इच्छिता? बीजगणिताची उदाहरणे झटपट सोडविणारी आमची मुले या प्रश्नापुढे अडखळतात. याच अडखळण्याविषयी आज चार शब्द लिहावेत असे आम्हांस वाटते.

दुसऱ्यास उपदेश करण्यापूर्वी स्वतःची गोष्ट सांगणे बरे. आमची मातृभाषा कोकणी. वडील कौलांच्या कारखान्यात माती मळण्याचे काम करीत. संध्याकाळी ते घरी येत तेव्हा त्यांच्या नखांत व हाताच्या रेषांत तांबडी माती बसलेली असे. महाविद्यालयातील पहिल्याच महिन्यात आमच्या प्राध्यापकांनी ‘मी’ या विषयावर एक पान लिहावयास सांगितले. आम्ही मोठ्या उत्साहाने लिहिले. त्यात सह्याद्रीचे सौंदर्य होते, उत्तुंग ध्येय होते, आणि ‘वडिलांचा कौलांचा व्यवसाय आहे’ असे एक वाक्यही होते. ते वाक्य पूर्णपणे खोटे नव्हते, आणि म्हणूनच ते अधिक वाईट होते. मातृभाषेच्या जागी आम्ही ‘मराठी’ लिहिले होते.

सुट्टीत घरी आलो तेव्हा वडिलांनी कौतुकाने तो निबंध वाचून दाखवावयास सांगितले. ते वाक्य गाळावे असे क्षणभर मनात आले. पण जीभ पुढे गेली. वडील काही बोलले नाहीत. निबंध संपल्यावर “बरें बरयलां” म्हणजे छान लिहिले आहेस, एवढेच म्हणाले आणि हात धुवावयास परसात गेले. हात त्यांनी आधीच धुतलेले होते. त्या निबंधास वर्गात चांगले गुण मिळाले होते. ते गुण आज आम्हांस आठवत नाहीत. परसात वाजलेला तो तांब्या मात्र आठवतो.

आमच्याकडून हे का घडले? आम्हांस वडिलांची लाज वाटत होती काय? तसे म्हणवत नाही. आम्हांस वाटत होते की, महाविद्यालयातील विद्यार्थी कसा असावा याचा एक ठरलेला साचा आहे आणि त्या साच्यात मातीचे हात व घरची कोकणी बसत नाही. साच्यात माती बसवावयाची असते हे कौलांच्या कारखान्यातील मुलालाही कळू नये, याला काय म्हणावे!

हा साचा किती खोटा आहे हे थोरांची चरित्रे वाचली म्हणजे ध्यानात येते. धर्मानंद कोसंबी यांचेच उदाहरण घ्या. १८७६ साली गोव्यातील साखवाळ येथे जन्मलेल्या या गृहस्थांचे शाळेतील शिक्षण फारच थोडे झाले होते. घरची भाषा कोकणी. ‘बालबोधमेवा’ या मुलांच्या मराठी मासिकात त्यांनी बुद्धाचे चरित्र वाचले आणि त्यांना बुद्धाच्या ज्ञानाचा ध्यास लागला. तरुण पत्नी व तान्ही मुलगी मागे ठेवून ते १८९९ साली घराबाहेर पडले. काशीत अन्नछत्रात जेवून त्यांनी संस्कृतचा अभ्यास केला, पुढे सिंहलद्वीपात जाऊन पाली भाषा आत्मसात केली आणि १९१० साली थेट अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात ‘विसुद्धिमग्ग’ या ग्रंथाच्या संपादनासाठी जाऊन पोहोचले. १९२४ साली त्यांनी ‘निवेदन’ हे आत्मचरित्र प्रसिद्ध केले. त्यात अपुरे शिक्षण, अन्नछत्रातील जेवण, मनाचे चांचल्य, यांपैकी काहीही त्यांनी झाकले नाही. हार्वर्डला जाऊन आलेल्या पंडितास हे झाकण्याची सोय नव्हती काय? परंतु त्यांना ती सोय नको होती.

दुसरे उदाहरण अण्णासाहेब कर्वे यांचे. कोकणातील मुरूडचा हा मुलगा परीक्षेसाठी सह्याद्री ओलांडून पायी साताऱ्यास गेला, आणि वय लहान दिसते म्हणून त्यास परीक्षेस बसू दिले नाही. तोच मुलगा पुढे मुंबईस एल्फिन्स्टन कॉलेजात शिकला, १८८४ साली पदवीधर झाला आणि पुण्यात गणिताचा प्राध्यापक झाला. १९१६ साली त्यांनी महिलांसाठी विद्यापीठ काढले व १९५८ साली त्यांस ‘भारतरत्न’ मिळाले, हे आपण पाठ्यपुस्तकात वाचतो. पण शहरात जम बसल्यावर त्यांनी आपल्या गावाच्या उपयोगासाठी ‘मुरूड फंड’ काढला, ही गोष्ट आपल्यासारख्या गावकऱ्यांनी अधिक लक्षात ठेवावी. जो आपले गाव विसरत नाही त्यालाच गावाचे देणे फेडावेसे वाटते.

येथे एक आक्षेप येईल, आणि तो आमच्या एका माजी विद्यार्थिनीनेच आमच्यापुढे मांडला. ती बेळगावास शिकते. शिष्यवृत्तीच्या अर्जासोबत जोडावयाचे एक पान ती आम्हांस दाखवावयास घेऊन आली. त्यात ‘ज्ञानाच्या क्षितिजावर भरारी’ होती, पण पावसाळ्यात दुसऱ्यांच्या शेतात भातलावणीस जाणारी तिची आई त्यात कोठेच नव्हती. आम्ही कारण विचारले. ती खाली मान घालून म्हणाली, “सर, गरिबी लिहिली की लोक कीव करतात. मला कीव नको.”

तिचे म्हणणे आम्हांस खोडून काढता आले नाही, कारण ते खरे आहे. आपली हलाखी रंगवून दुसऱ्याच्या डोळ्यांतून पाणी काढणारेही काही असतात. जो घर लपवितो आणि जो घराचे दैन्य बाजारात मांडतो, ते दोघेही घराला एकच अन्याय करतात. दोघांनाही घरातील माणसे दिसलेली नसतात. आम्ही तिला एवढेच विचारले, “तुझी आई लावणीच्या दिवसांत किती वाजता उठते?” ती म्हणाली, “चारला.” “आणि तू?” “मीही. भाकऱ्या मी करते, मग बसला जाते.” “बसमध्ये काय करतेस?” “वाचते, सर. बसायला जागा मिळाली तर.” आम्ही म्हणालो, “बाळ, हेच लिही. यात कीव करण्यासारखे काय आहे?”

तिने ते पान पुन्हा लिहिले. आधीच्या निम्मेही ते भरले नाही. शिष्यवृत्ती तिला त्या वर्षी मिळाली नाही, हेही येथे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. खरे लिहिले की फळ मिळतेच, असे आम्ही विद्यार्थ्यांस सांगणार नाही. परंतु ते पान तिने आईला वाचून दाखविले, आणि वाचताना तिला एकही वाक्य गाळावे लागले नाही. हे आम्हांस साधले नव्हते.

आपल्या या सीमाभागातील मुलांच्या वाट्यास घरी कोकणी किंवा मराठी, शाळेत मराठी, कचेरीत कन्नड व महाविद्यालयात इंग्रजी अशा अनेक भाषा येतात. पुष्कळांना हे ओझे वाटते. आम्ही म्हणतो, ही चार घरची ओळख आहे. ती सांगताना कोणी ओशाळू नये. ‘आमचे गाव लहान व मागासलेले’ असे लिहिणाऱ्यांनीही थोडे थांबावे. कित्तूरचा शूर संगोळ्ळी रायण्णा यास इंग्रजांनी १८३१ च्या जानेवारीत याच नंदगडात फाशी दिले. ज्या भूमीने त्याची समाधी जतन केली, त्या भूमीचे नाव हलक्या आवाजात का सांगावे?

विद्यार्थीमित्रहो, उद्या तुमच्यापुढेही तो कागद येईल. त्यावर मोठमोठी ध्येये अवश्य लिहा. तरुणपणी ध्येय नसावे तर केव्हा असावे? पण त्या ध्येयाच्या आधी दोन ओळी तुमच्यासाठी पहाटे उठणाऱ्या माणसांविषयी लिहा, जसे असेल तसे, सजविल्यावाचून. आणि कागद पाठविण्यापूर्वी तो घरी एकदा मोठ्याने वाचून दाखवा. ज्या वाक्याशी तुमचा आवाज अडेल, तेवढे वाक्य बदला.