क्रोममधून एक्सएसएलटी जाणार, पण तळटीप २ ची की ११ ची?

क्रोम ब्राउझरमधून एक्सएसएलटी काढून टाकणार असं गूगलने २०२५ मध्ये जाहीर केलं. वेळापत्रकानुसार नोव्हेंबर २०२६ मध्ये येणाऱ्या १५५ व्या आवृत्तीत ही सोय बंद होईल. कारण सुरक्षेचं आहे. हे काम करणाऱ्या लिबएक्सएसएलटी या जुन्या सी लायब्ररीत त्रुटी सापडत राहतात आणि ती वापरणारी पानं थोडीच आहेत. कारण पटतं. पण चर्चा 'पानं उघडणार की नाही' एवढ्यावरच अडकलीय. मला जास्त भीती वाटते ती दुसरीकडे हलवल्यावर व्यवस्थित उघडणाऱ्या, पण क्रमांक चुकवणाऱ्या पानांची.

एक्सएसएलटी म्हणजे एक्सएमएलमधल्या मजकुराचं एचटीएमएल वगैरे बनवण्याचे नियम लिहायची भाषा. तिच्यात क्रमांक घालायला 'नंबर' नावाची सूचना आहे. 'काउंट' म्हणजे काय मोजायचं, 'फ्रॉम' म्हणजे कुठून मोजायचं. ऐकायला सोपं वाटतं. घोळ 'लेव्हल' ला 'एनी' दिलं की होतो, म्हणजे घटक कितीही आत असला तरी मोजायचा तेव्हा.

नोव्हेंबर १९९९ च्या १.० प्रमाणात याबद्दल एकच वाक्य आहे. त्याचा आशय असा, की चालू घटकाच्या आधीचा 'पहिला' फ्रॉम-घटक घ्या आणि त्याच्या नंतरचेच मोजा. आता पहिला म्हणजे कुठून पहिला? समजा, पुस्तकात पहिल्या प्रकरणात ५ तळटिपा आहेत, दुसऱ्यात ४, आणि आपण तिसऱ्यातल्या दुसऱ्या टिपेवर आहोत. मागे वळून पाहिलं तर पहिलं भेटणारं प्रकरण तिसरं, म्हणून उत्तर २. दस्तऐवजाच्या सुरुवातीपासून पाहिलं तर उत्तर ११! हेतू २ चाच असणार, पण शब्द तसं सांगत नाहीत. फ्रॉम-घटक सापडलाच नाही तर काय, यावर ते वाक्य गप्पच.

२००७ च्या २.० मध्ये हे सगळं सूत्रांच्या भाषेत लिहिलं गेलं आणि 'जवळचा' हा अर्थ पक्का झाला. पण तिथे आणखी एक गोष्ट बदलली. १.० चं वाक्य फ्रॉम-घटकाच्या 'नंतरचे' मोजायला सांगतं, तर २.० चं सूत्र तो घटकही धरतं. म्हणजे शीर्षक आणि परिच्छेद दोन्ही मोजायचे आणि शीर्षकापासून सुरुवात करायची असेल, तर तिसरा परिच्छेद १.० च्या शब्दांनुसार ३, आणि २.० नुसार ४. दोन्हीकडे एररचा मेसेज वगैरे काही येत नाही.

ब्राउझरमधली एक्सएसएलटी आजही १.० वरच आहे. त्यामुळे आता हे काम सर्व्हरवर हलवून सॅक्सनसारखा ३.० चा प्रोसेसर घेणाऱ्यांना हा फरक गाठू शकतो. अमेरिकी काँग्रेसच्या विधेयकांची एक्सएमएल पानं या चर्चेत उदाहरण म्हणून आलीच होती. कायद्याच्या मजकुरात '४ था परिच्छेद पाहा' असं लिहिलेलं असतं, तिथे एकाचा फरक म्हणजे वेगळाच परिच्छेद.

(जाता जाता: फॉरमॅटमध्ये '१' लिहिलं की क्रमांक देवनागरीत मिळावेत, असं १.० पासूनच प्रमाणात आहे. मराठी दस्तऐवज हलवताना तेही तपासा.)

क्रोम अजून जुनं आउटपुट देतंय, तोवर ते सेव्ह करून ठेवा. मग स्टाइलशीटमध्ये 'लेव्हल एनी' सोबत 'फ्रॉम' असलेल्या ओळी शोधा, आणि तेवढ्यांचे क्रमांक जुन्या-नव्या आउटपुटमध्ये ताडून बघा. एकच घटक 'काउंट' आणि 'फ्रॉम' दोन्हीकडे असेल, तर ती ओळ सगळ्यात आधी.