द्रुतगती मार्गाची नोंदवही लोकांसमोर मांडा

मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर चौक गावाजवळून जाणारे वाहन आता नुसते निघून जात नाही, त्याची नोंद होते. जुलै २०२४पासून या ९४.५ किलोमीटरच्या मार्गावर 'आयटीएमएस' ही वाहतूक व्यवस्थापनाची संगणकीय यंत्रणा सुरू आहे. कमानींवर बसवलेल्या कॅमेऱ्यांचे चित्रण संगणक सतत तपासत असतो. तो वाहन वेगळे काढतो, नंबरप्लेट वाचतो, ट्रक कोणत्या लेनमध्ये आहे आणि चालकाने सीटबेल्ट लावला आहे की नाही हे पाहतो. दोन कमानींमधले अंतर किती वेळात कापले यावरून सरासरी वेगही काढतो. दहा किलोमीटर सहा मिनिटांच्या आत कापणाऱ्या मोटारीने ताशी १०० किलोमीटरची मर्यादा मोडली, हे ठरवायला रस्त्याकडेला स्पीडगन घेऊन कुणी उभे राहावे लागत नाही. पहिल्या वर्षभरातच अशा नोंदींवरून २७ लाखांहून अधिक ई-चलने निघाली. दंड व्हायलाच हवा, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण एवढ्या प्रचंड चित्रणाचे वर्गीकरण करून जी नोंदवही तयार होते, तिचा लोकांना दिसणारा उपयोग दंडापाशीच थांबतो. या नोंदवहीतून रस्ता कुठे आणि का धोकादायक आहे हे कळू शकते, आणि ते जाणून घेण्याचा हक्क त्या रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येकाला आहे.

नोंद ठेवली की जीव वाचतात, हे याच मार्गाने आधी दाखवून दिले आहे. २०१६मध्ये येथे १५१ माणसे अपघातात गेली. त्या सुमारास राज्य रस्ते विकास महामंडळ, महामार्ग पोलीस आणि सेव्हलाइफ फाउंडेशन यांनी 'शून्य मृत्यू' मोहीम हाती घेतली. अपघाताच्या जागी जाऊन तपास करायचा, वाहन कशावर आदळले, कठडा कुठे उघडा होता, ट्रक कडेला का थांबला होता हे लिहून काढायचे आणि त्याप्रमाणे दुरुस्ती करायची, असे ते काम होते. नवे कॅमेरे येण्याआधीच वर्षाचे मृत्यू निम्म्याहून खाली आले. मात्र त्या पद्धतीला एक मोठी मर्यादा होती. अपघात झाल्यावरच कागद हलायचा. संगणकाला तेवढी वाट पाहावी लागत नाही. अचानक लागलेले ब्रेक, थोडक्यात चुकलेली धडक, लेन सोडून मध्ये शिरलेला कंटेनर, भर रस्त्यात बंद पडलेली गाडी हे सगळे चित्रणात असते. किलोमीटर आणि वेळ यांनुसार ते मांडले, तर उद्याच्या अपघाताची जागा आज दिसू शकते.

या मार्गावरच्या बोरघाटाचेच पाहा. २६ जुलै २०२५ रोजी आडोशी बोगद्याजवळ ब्रेक निकामी झालेला कंटेनर उतारावर पुढच्या वाहनांवर आदळत गेला. सुमारे वीस वाहनांचे नुकसान झाले आणि एका महिलेचा जीव गेला. त्याच महिन्याच्या सुरुवातीला ई-चलनांविरोधात वाहतूकदारांनी राज्यभर संप केला होता. यंत्रणा आली तेव्हा घाटात अवजड वाहनांना ताशी ४० किलोमीटरची मर्यादा होती. भरलेला ट्रक उतारावर त्या वेगात ठेवणे व्यवहार्य नाही, असे वाहतूकदारांचे म्हणणे होते. चालक कमी गिअर टाकत नाहीत, गाडी न्यूट्रलमध्ये सोडतात आणि मग ब्रेक तापतात, असे दुसऱ्या बाजूने सांगितले जाते. यात खरे काय, हे भाषणांनी ठरणार नाही. कोणत्या किलोमीटरला किती ट्रक किती वेगाने उतरतात याचा तक्ता निघाला, तर ते ठरेल. एखाद्या टप्प्यावर जवळजवळ सगळेच ट्रक मर्यादा ओलांडत असतील, तर तिथली मर्यादा, रस्त्याची रचना आणि सूचनाफलक यांचाही फेरविचार करावा लागेल. मोजकेच ओलांडत असतील, तर वाहतूकदारांची तक्रार टिकणार नाही.

मदतीबाबतही हेच लागू आहे. १४ ऑगस्ट २०२२ रोजी पहाटे माडप बोगद्याजवळ शिवसंग्राम संघटनेचे नेते विनायक मेटे यांच्या गाडीला अपघात झाला आणि त्यात ते गेले. मदत वेळेवर पोचली का, यावर पुढे राज्यभर वाद झाला. अपघात कॅमेऱ्यात दिसला तो क्षण आणि रुग्णवाहिका तिथे थांबली तो क्षण, हे दोन्ही आता चित्रणातून काढता येतात. मदतीला सरासरी किती मिनिटे लागतात, हा आकडा दर महिन्याला लोकांसमोर यायला हवा.

यंत्र चुकते, हा पहिला आक्षेप आणि तो खरा आहे. काळ्या शर्टावरचा काळा पट्टा त्याला दिसत नाही, चिखलाने माखलेल्या प्लेटवरचा आठ त्याला बी वाटतो, आणि घाटात पावसाळी धुके उतरले की हे आणखी अवघड होते. केंद्रीय मोटार वाहन नियमांत ऑगस्ट २०२१मध्ये आलेल्या १६७ए या नियमाने उपकरणाला दरवर्षी प्रमाणपत्र घेणे आणि पंधरा दिवसांत नोटीस देणे बंधनकारक केले, ते याच कारणाने. पण चुका होतात म्हणून नोंदी झाकून ठेवणे हा उपाय नाही. किती चलने हरकतीनंतर रद्द झाली आणि कोणत्या कॅमेऱ्याची, हे छापले की बिघडलेला कॅमेरा आपोआप उघडा पडतो. शिवाय एका माणसावर दंड बसवताना जी एक चूक अन्यायाची ठरते, ती लाखो नोंदींतून रस्त्याचा कल पाहताना फारशी बाधत नाही.

खासगीपणाचा आक्षेप याहून गंभीर आहे. कोण केव्हा कुठे गेला, याची यादी कुणाच्याही हाती पडता कामा नये. सरकारी कचेरीतूनही ती सहज मिळता कामा नये. म्हणूनच मी चित्रण मागत नाही, नंबरही मागत नाही. वाहनाचा प्रकार, किलोमीटर, तास, वेग आणि घटनेचे स्वरूप एवढ्यांची बेरीज पुरेशी आहे. मूळ चित्रण किती दिवस ठेवले जाते आणि ते कोण पाहू शकतो, हेही जाहीर व्हावे.

खालापूर तालुक्यातल्या गावांनी या मार्गाला जमिनी दिल्या. अपघाताच्या वेळी धावून जाणारेही बहुधा इथलेच असतात. महामंडळाने दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात नोंदींच्या बेरजेचा हा तक्ता मराठीत संकेतस्थळावर टाकावा आणि त्याची प्रत मार्गालगतच्या ग्रामपंचायतींना पाठवावी. सुरुवात चौक ते खंडाळा या पट्ट्यापासून करावी.