गंज पेठेतली विहीर



गेल्या पंधरवड्यात नातीच्या कॉलेजच्या कामासाठी पुण्याला जाणे झाले. काम तासाभरात उरकले. परतीच्या एसटीला अवकाश होता. नात म्हणाली, "आबा, फुले वाडा बघू या का?" स्वारगेटपासून तो काही लांब नाही. दुचाक्या चुकवत, वाट विचारत आम्ही चालतच गेलो. गंज पेठेला आता महात्मा फुले पेठ म्हणतात, पण पानाच्या टपरीवाल्याने जुन्याच नावाने वाट दाखवली.

वाडा नीट राखलेला आहे. मागच्या बाजूला जोतिरावांचे तुळशीवृंदावन. आपल्या देहाला अग्नी न देता मिठात पुरावे, असे त्यांनी मृत्युपत्रात लिहून ठेवले होते. १८९० साली ते गेले तेव्हा नगरपालिकेने परवानगी नाकारली, म्हणून दहन करावे लागले. लोक वृंदावनाला हात जोडत होते, फोटो काढत होते. मी मात्र विहीर शोधत होतो. शेतकऱ्याची खोड, दुसरे काय! कुठेही गेलो तरी आधी पाणी बघायचे.

कोणी तिला हौद म्हणतो, कोणी विहीर. १८६८ साली जोतिरावांनी आपल्या घरचे हे पाणी अस्पृश्य मानलेल्या लोकांना खुले केले. आज हे वाचताना काहीच वाटत नाही. पण साल बघा. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले असावेत असा बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळात १९२३ साली झाला. बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले ते २० मार्च १९२७ ला. त्याच्या एकोणसाठ वर्षे आधी पुण्यातल्या एका गृहस्थाने स्वतःच्या अंगणात ही गोष्ट करून टाकली होती. तीर्थ म्हणायचे तर याला म्हणावे. पण आम्ही होतो तेवढ्या अर्ध्या तासात विहिरीपाशी थांबलेला दुसरा माणूस मला दिसला नाही.

जोतिरावांना पाण्याची जाण होती. त्यांचे घराणे मूळचे साताऱ्याकडच्या कटगुणचे, मग पुरंदरातल्या खानवडीचे, नंतर पुण्यात फुलांच्या धंद्यात आलेले. 'शेतकऱ्याचा असूड' १८८३ चा. त्यात त्यांनी सरकारला सुचवले होते की, पावसाचे पाणी जिरेल असे बांध जागोजाग घाला. पाणाड्यांकडून जमिनी तपासून घ्या, दोन मोटांहून जास्त पाण्याचा झरा असेल तिथे नकाशात खूण करा, आणि सरकारी मदतीवाचून विहीर पाडील त्याला बक्षीस द्या. तळ्यातला गाळ शेतकऱ्याला फुकट नेऊ द्या, हेही त्यात आहे. 'पाणी अडवा, पाणी जिरवा' आपण भिंतींवर रंगवले ते कितीतरी वर्षांनी.

हे सगळे मी नातीला मोठ्या तोऱ्यात सांगत होतो. तिने शांतपणे विचारले, "आबा, आपल्या विहिरीवर कोण कोण पाणी भरायचं?"

मी गप्प झालो.

आमची विहीर पणज्याने पाडलेली. घडीव दगडाची, दोन मोटांची. नाडा, सोंदूर, थारोळे, धाव हे सारे मी लहानपणी पाहिले आहे. १९७२ च्या दुष्काळात भोवतालच्या विहिरी आटल्या, आमच्या विहिरीला मात्र कमरेएवढे पाणी टिकले. खालच्या वस्तीतल्या बायका खडी फोडण्याच्या कामावरून सुटल्या की थेट आमच्याकडे येत. त्यांनी पायऱ्या उतरायच्या नाहीत असा दंडक होता. थारोळ्यापासून चार हातांवर घागरी मांडून उभे राहायचे. आजी शेंदून वरून ओतायची, तेही आमची गुरे पिऊन झाल्यावर. एकदा एक नवी सून तहानेने व्याकूळ होऊन पायरीवर उतरली, तर आजीने सगळ्यांची घागर त्या दिवशी रिकामी परत पाठवली. मी बारा वर्षांचा होतो. सोंदूर माझ्याच हातात होता. तुकारामबीजेला न चुकता देहू गाठणारी माझी आजी, मनाने वाईट नव्हती. पण ते पाणी तिने दिले नाही आणि मीही दिले नाही.

नातीला सगळे सांगितले. ती काही बोलली नाही. स्वारगेटपर्यंत आम्ही दोघे मुकाट्याने चाललो.

आता त्या विहिरीची दशा विचारू नका. बोअर घेतली आणि तिच्याकडे पाठ फिरवली. आत बाभळीची फांदी, खताच्या रिकाम्या गोण्या, ठिबकच्या तुटक्या नळ्या. एका बाजूचे चार दगड निखळलेत. मुलगा म्हणतो, बुजवून टाकू, तेवढीच चार सऱ्या जागा निघेल. बोअर गेल्या दोन उन्हाळ्यांत एप्रिललाच उचक्या देते, हे तो सोयीने विसरतो.

घरी आल्यावर त्याच्याशी बरीच हुज्जत झाली. शेवटी यंदा गाळ काढायचे ठरले. गाळ वरच्या तुकड्यात पसरू, मजुरीचा निम्मा खर्च त्यात वसूल होईल, हे म्हटल्यावर तो नरमला.

ती सून अजून आहे. सत्तरी उलटलीय, नातवंडांत रमलीय. परवा तिच्या दारात गेलो. मनात बरेच काही जुळवून नेले होते, पण तोंडातून निघाले एवढेच, "मावशी, विहीर साफ करतोय. पाणी लागलं की पहिली घागर तुम्ही भरायची."

तिने माझ्याकडे बराच वेळ पाहिले. मग म्हणाली, "आधी पायऱ्या नीट कर बाबा. माझे गुडघे धरतात आता."

गवंड्याला सोमवारी बोलावले आहे.