हातातले ओझे

मी मराठीचा प्राध्यापक. बंदुकीशी माझा संबंध आजवर शब्दकोशापुरताच! परंतु यंदा आमच्या चिरंजीवांनी मला ‘काउंटर-स्ट्राइक २’ या संगणकावरच्या लढाईत ओढले. गणपती उठले की तो शिकायला परगावी जाणार होता. तेव्हा मीही नाही म्हटले नाही.

पाच विरुद्ध पाच गडी. प्रत्येक फेरीच्या आरंभी खेळातल्या पैशांनी शस्त्र विकत घ्यायचे. जन्मभर स्वस्त पाहून खरेदी करणारा मी. इथे म्हटले, होऊ दे खर्च! पदरी पैसे जमताच ४७५० डॉलरची दुर्बिणीची ‘एडब्ल्यूपी’ घेतली. हिची गोळी छातीत बसली की शत्रू एका फटक्यात आडवा.

फेरी सुरू झाली. आमचे चौघे मोक्याच्या जागी पोचले, मी आपला वाटेतच!

“बाबा, हातात काय आहे ते पाहा,” चिरंजीव म्हणाले.

मग त्याने हिशेब मांडला. हातात सुरी असली तर गडी सेकंदाला २५० पावले पळतो. (ही पावले खेळातली, आपली नव्हेत.) ‘एके-४७’ असली तर २१५, माझी एडब्ल्यूपी असली तर २००, आणि तिच्या दुर्बिणीला डोळा लावला की फक्त १००. म्हणजे हजार पावलांची वाट सुरीवाला चार सेकंदांत कापतो आणि मी पाच. या एका सेकंदात शत्रू कोपरा गाठून दबा धरून बसतो. म्हणून जाणते खेळाडू पल्ला गाठायचा तर सुरी हातात घेऊन धावतात आणि जागेवर थांबून बंदूक काढतात.

“आणि वाटेतच शत्रू भेटला तर?” मी विचारले.

“तेवढा धोका घ्यायचा, बाबा.”

त्याच आठवड्यात त्याचे सामान बांधायला घेतले. वर्गातसुद्धा तीन जाडजूड ग्रंथ घेऊन जाणारा मी; बॅगेत दोन शब्दकोश, रजई, इस्त्री, औषधांचा डबा असे कोंबत गेलो. त्याने एकेक वस्तू हळूच बाहेर काढली आणि हसून म्हणाला, “बाबा, एडब्ल्यूपी!”

सौभाग्यवतींना काही कळले नाही. मी मात्र शब्दकोश मुकाट्याने कपाटात ठेवले. औषधांचा डबा तेवढा त्याने राहू दिला. माझ्यासाठी, हे मला ठाऊक आहे.

आता रविवारी रात्री तो वसतिगृहातून खेळतो, मी इथून. मी हल्ली १७०० डॉलरची ‘स्काउट’ घेतो. तीही दुर्बिणीचीच, पण हलकी. हातात असली तरी २३० पावले पळता येते. परवा वाटेत तीही पाठीला लावली, सुरी धरली आणि सगळ्यांच्या आधी जागेवर पोचलो.

वळून पाहिले. चिरंजीव मागून येत होते.