हवेची होडी घेताना

नाशिकरोडच्या एका आयुष्मतींचे पत्र गेल्या आठवड्यात आले. पत्र लहानच आहे. मुलगा कारखान्यात कायम झाला आहे. पहिल्या बोनसमधून त्याला हवा भरायची होडी, म्हणजे कयाक, घ्यायची आहे. रविवारी मित्रांबरोबर धरणाच्या पाण्यावर फिरेन म्हणतो. घरात कुणालाच पोहता येत नाही. ‘घे म्हणू की नको म्हणू?’ असे त्या विचारतात.

आमचे मत विचाराल तर नको म्हणू नका. आठवडाभर यंत्रापुढे उभ्या राहणाऱ्या पोराने एक दिवस पाण्यावर काढावा, यात गैर काही नाही. मात्र पैसे मोजण्याआधी आमची एक आठवण ऐका.

आमच्या लहानपणी वस्तीमागे दगडाची जुनी खाण होती. तिच्यात बारमाही पाणी असे. आम्ही पोरे ट्रकची ट्यूब घेऊन तिथे जात असू. मे महिन्यातल्या एका दुपारी वारा सुटला आणि ट्यूब मधोमध गेली. वर बसलेला आमचा सोबती घाबरला, उडी टाकून काठाकडे निघाला. तो काठाला पोचला नाही. ट्यूब मात्र संध्याकाळपर्यंत तरंगत होती. ती फुटली नव्हती.

म्हणून ‘होडी फुटली तर?’ ही भीती आम्ही दुसऱ्या नंबरावर ठेवतो. पहिल्या नंबरावर वारा आणि घाबरणे.

आता खरेदीचे पाहू. खेळण्याच्या दुकानातली रबरी होडी आणि कयाक या दोन वेगळ्या वस्तू आहेत. कयाक लांबट व निमुळती असते, तिचे वल्हे दोन्ही टोकांना पाते असलेले असते. मूळ कयाक उत्तर ध्रुवाकडच्या इन्युइट शिकाऱ्यांची. लाकडाच्या किंवा हाडाच्या सांगाड्यावर सीलचे कातडे ताणून ते ती बनवीत. आजची हवेची कयाक पीव्हीसीची असते आणि घडी करून पिशवीत मावते.

नवशिक्यांत बरीच खपणारी इंटेक्स कंपनीची एक्स्प्लोरर के-2 उदाहरणादाखल घेऊ. दोन माणसांची, लांबी सुमारे 3.12 मीटर, रुंदी 91 सेंटिमीटर, भार 180 किलोपर्यंत. हा आकडा कमाल मर्यादेचा आहे, तेवढे वजन भरायचे नसते. चौथा हिस्सा मोकळा ठेवावा, म्हणजे 135 किलो धरावे. 65 किलोचा मुलगा, 60 किलोचा मित्र आणि पाणी-डबा-पिशवीचे 8 किलो, झाले 133. तिसरा भिडू ‘मीही येतो’ म्हणाला तर त्याला काठावर बसवावे आणि नंतर पाळीने न्यावे.

दुकानात चार गोष्टी तपासा. एक, हवेचे कप्पे वेगवेगळे आहेत का? दोन बाजू आणि तळ असे निदान तीन हवेत, म्हणजे एक पंक्चर झाला तरी बाकीचे तरंगवतात. दोन, व्हॉल्व्ह मोठ्या तोंडाचा, आतली हवा परत येऊ न देणारा आहे का? तीन, तळाशी माशाच्या परासारखी पट्टी लावता येते का? ती नसेल तर होडी वल्ह्याच्या प्रत्येक फटक्याला गरगर वळते. चार, पंप आणि ठिगळाचे सामान सोबत आहे का? सायकलच्या पंक्चरचे सोल्युशन पीव्हीसीवर टिकत नाही, पीव्हीसीचाच गोंद लागतो. टायरवाल्याच्या कॉम्प्रेसरने हवा मुळीच भरू नका, शिवण उसवते.

पण बोनसमधला पहिला हिस्सा लाइफ जॅकेटचा. मित्रांत वर्गणी काढून होडी एकच घ्या, जॅकेट मात्र माणशी एक. जॅकेटवर 50, 100 असे आकडे असतात. तो त्याचा तरंगवण्याचा जोर, न्यूटनमध्ये मोजलेला. 100 म्हणजे साधारण दहा किलोचा. पाण्यात माणूस हलका होतो, त्यामुळे डोके वर राहायला तेवढा पुरतो. 50 चे जॅकेट पोहता येणाऱ्यासाठी असते. पोहता न येणाऱ्याला 100 चेच घ्या. घालून पट्टे आवळा आणि कुणाला तरी खांद्यापाशी धरून वर ओढायला सांगा. ते कानापर्यंत सरकले तर माप चुकले.

पाण्यात उतरण्याआधी जलसंपदा विभागाच्या चौकीवर विचारा. पिण्याच्या पाण्याच्या जलाशयात बहुधा मनाई असते. धरणाच्या भिंतीजवळ आणि खालच्या नदीपात्रात जाऊच नका, पाणी सोडले की पात्र पाहता पाहता भरते. पावसाळ्याचे चार महिने होडी घरीच बरी. समुद्र आणि खाडीचे तोंड नवशिक्याने बारा महिने टाळावे.

हवेची होडी हलकी आणि पाण्यावर उंच असते, म्हणून वारा तिला पानासारखी ढकलतो. सकाळी लवकर निघा, काठ धरून चला आणि जाताना वाऱ्याला तोंड द्या. दमल्यावर वाराच घराकडे आणतो. होडी उलटली तर तिला धरून राहा. ती सोडून पोहत निघू नका. उलटलेल्या होडीत परत चढण्याचा सराव आधी कमरेएवढ्या पाण्यात दहा वेळा करा.

घरी आणल्यावर पुसून, सावलीत वाळवूनच घडी घाला, नाहीतर बुरशी धरते. काठावर उन्हात कडक फुगवून ठेवू नका, आतली हवा तापून फुगते. चाळीत राहणाऱ्यांनी ती उंदरांपासून जपावी, पत्र्याच्या पेटीत ठेवलेली उत्तम.

ताई, मुलाला एक अट घाला. उन्हाळ्यात आधी पालिकेच्या तलावावर पोहणे शिकायचे. गोवा-सिंधुदुर्गाकडे तासावर कयाक भाड्याने मिळते, जमल्यास तिथे एकदा बसून पाहायचे. होडी त्यानंतर.

आणि ती आली की काठाजवळच्या उथळ पाण्यात, 100 चे जॅकेट घालून, पहिल्या फेरीला तुम्हीही बसा. तुमच्या पोटातली भीती थोडी कमी होईल, आणि जॅकेटशिवाय आई होडीला हात लावू देत नाही, हे त्याच्या मित्रांनाही कळेल.