नकाराची नोंद आणि तिचे वाचक

'यंत्र खोटे बोलत नाही' हे वाक्य आम्ही अलीकडेच एका विद्यापीठीय बैठकीत ऐकले, आणि तेही साहित्याच्या प्राध्यापकांच्या तोंडून. ज्यांची हयात निवेदक विश्वासार्ह की अविश्वासार्ह हे शिकवण्यात गेली, त्यांच्या! ग्रंथालयाच्या जुन्या नियतकालिकांच्या दालनाला कार्डाचे इलेक्ट्रॉनिक कुलूप आहे. त्याच्या नोंदीत एका संशोधक विद्यार्थिनीच्या कार्डापुढे एकाच संध्याकाळी चार वेळा 'प्रवेश नाकारला' असे निघाले. चार 'प्रयत्न' म्हणजे घुसखोरीचा इरादा, असे ठरवून तिच्याकडून लेखी खुलासा मागवला गेला.

ही संहिता जरा नीट वाचू या. असे कुलूप लिहिते ते इतकेच: वेळ, दार, कार्डाचा क्रमांक, निकाल आणि नकाराचे कारण. कार्ड अनोळखी आहे, मुदत संपलेले आहे, त्या दाराची परवानगी नाही की वेळ ठरल्याबाहेरची, हे त्या शेवटच्या रकान्यात असते. बैठकीपुढे ठेवलेल्या छापील तक्त्यात नेमका तोच रकाना गाळलेला होता. आग्रहाने मागवला तेव्हा चारही ओळींत 'मुदत समाप्त' निघाले. दार उघडले नाही तर माणूस कार्ड पुन्हा टेकवतो आणि प्रत्येक वेळी नवी ओळ उमटते. 'प्रयत्न' हा शब्द यंत्राचा नव्हेच. तो वाचणाऱ्यांनी पदरचा घातला.

शिवाय कुलूप ओळखते ते कार्ड, माणूस नव्हे. ज्याच्यासाठी दार उघडले त्याच्या पाठोपाठ आत शिरणाऱ्याची ओळ कुठेच नसते. कार्डच नसल्याने बाहेर ताटकळणाऱ्याचीही नसते. बॅटरीवर चालणाऱ्या सुट्या कुलपांत तर स्मृती मर्यादित, त्यामुळे जुन्या ओळींवर नव्या चढतात, आणि आतले घड्याळ मागेपुढे झाले की वेळही चुकते. मार्च 2024 मध्ये संशोधकांनी हॉटेलांतल्या साफलॉक कुलपांतला दोष उघड केला. जगभरातल्या तीस लाखांहून अधिक कुलपांचा प्रश्न होता: बनावट कार्डाने दार उघडत होते, आणि ती नोंद भलत्याच कार्डाच्या किंवा कर्मचाऱ्याच्या नावावर पडू शकत होती. खोटे बोलण्यासाठी यंत्राला इरादा लागत नाही.

नकाराची नोंद मराठीला नवी नाही. चोखोबांचे अभंग ही तीच नोंद आहे, फक्त ती उंबऱ्याबाहेर उभ्या असलेल्याने केलेली. ती आम्ही वर्गात गहिवरून शिकवतो. आतल्या बाजूने लिहिलेली नोंद हाती आली की मात्र आमची सारी समीक्षा गळून पडते आणि आम्ही पहारेकऱ्याची वही प्रमाण मानतो.

विद्यार्थिनीचे कार्ड नूतनीकृत झाले. खुलासा मागणारे पत्र अजून तिच्या फायलीत आहे. ते काढून टाकावे आणि यापुढे कारणाच्या रकान्याशिवाय कोणताही तक्ता बैठकीपुढे ठेवू नये, असे आम्ही लेखी कळवले आहे. उत्तर आलेले नाही.