कल्याणला नवी घरं हवीत, पण ओळख पुसून नकोत

कल्याणमध्ये दूध नाक्यापासून पारनाक्यापर्यंत चक्कर मारली की बदल लगेच दिसतो. कौलारू घरं, लाकडी माडीचे वाडे एकेक करून जात आहेत आणि त्या जागी उंच इमारती येत आहेत. आपल्यातल्या अनेकांचं बालपण याच गल्ल्यांत गेलंय, म्हणून जीव हळहळतो. पण नुसत्या हळहळीने काही वाचत नाही.

हे शहर कुण्या बिल्डरने वसवलेलं नाही. कान्हेरीच्या लेण्यांतल्या प्राचीन शिलालेखांत कल्याणच्या दात्यांची नावं आहेत. 1882 च्या ठाणे जिल्हा गॅझेटियरमध्ये शेणाळे तलाव, म्हणजे आजचा काळा तलाव, त्याच्या काठची मशीद आणि मोतबरखानाची कबर यांची नोंद आहे. कोकणी मुसलमानांच्या जुन्या वस्तीचा इतिहास या सगळ्याशी जोडलेला आहे.

मग पुनर्विकासाला विरोध करायचा का? नाही. एका खोलीत सात-आठ माणसं, गळकं छप्पर, वर पालिकेची धोकादायक इमारतीची नोटीस. अशा कुटुंबाला वारशाचे धडे देण्याचा हक्क आपल्याला नाही. पण नवं म्हणजे सुरक्षित, असंही नाही. 4 एप्रिल 2013 रोजी शिळफाट्याजवळ कोसळून 74 जणांचा जीव घेणारी इमारत नवीनच होती, बेकायदा होती.

खरी गोम नियमांत आहे. डिसेंबर 2020 पासून लागू झालेल्या एकत्रित विकास नियमावलीत रस्ता जितका रुंद, तितका चटई क्षेत्र निर्देशांक, म्हणजे एफएसआय, जास्त मिळतो. अरुंद गल्लीत म्हणूनच आधी रुंदीकरणाची मागणी होते, आणि पहिला घाव ओट्यांवर, विहिरींवर, मशिदीच्या नाहीतर कब्रस्तानच्या भिंतीवर पडतो. मुंबईत 1995 पासून वारसा नियमावली आहे. तिथे यादीतल्या वास्तूला हात लावण्याआधी वेगळी परवानगी लागते. यादीत नाव असणं किती मोलाचं, हे त्यावरून कळतं.

म्हणून आपण काय करायचं? महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायद्यानुसार विकास आराखड्याचा मसुदा किंवा त्यातला फेरबदल जाहीर झाला की हरकती-सूचनांसाठी साधारण महिनाभर मिळतो. बुलडोझर आल्यावर गर्दी करण्यापेक्षा त्या महिन्यात दिलेला एक लेखी अर्ज जास्त कामाचा. अर्जासोबत सिटी सर्व्हेचा उतारा, जुने फोटो, वक्फ नोंदीची प्रत जोडावी. अर्जावर पोचेचा शिक्का घ्यायला विसरू नये. 2025 च्या वक्फ सुधारणा कायद्याने ‘वापराने वक्फ’ ही तरतूद पुढच्या काळासाठी काढून टाकल्यावर तर कागदाशिवाय गत्यंतर नाही.

हे काम एकट्या जमातीचंही नाही. पारनाक्याचा वाडा आणि तलावाकाठची मशीद एकाच नियमाने धोक्यात येतात. शेजारच्या वाड्यासाठी आपण सही केली, तर आपल्या मशिदीसाठी सही मागताना संकोच वाटणार नाही. या जुम्म्यानंतर मोहल्ल्यातल्या पाच जाणत्या मंडळींनी बसून जुन्या वास्तूंची यादी तरी करावी. सुरुवात तिथूनच होईल.